तो गोटी म्हणाला होता

"गोळी लागली! यशवंताला गोळी लागली!"

रस्त्यावरून आरडाओरड उठली आणि आमच्या मजल्यावरची दारं धडाधड उघडली. माझ्या थोरल्या भावाला, यशवंतदादाला, दोघांनी काखेत धरून जिन्यानं वर आणलं. डावा पाय उचललेला, तळव्याला फडकं, फडक्यातून रक्त. बाबांनी त्याला उंबऱ्यातच बसवलं, फडकं सोडलं आणि म्हणाले, "ही कसली गोळी? ही तर काच आहे." सोड्याच्या बाटलीची हिरवट काच टाचेच्या पुढे रुतली होती. पण बाबांचं ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. चाळीतले पुरुष केव्हाच जिना उतरून रस्त्यावर गेले होते. दादाचा दोस्त गणपत आयोडीन आणायला नाक्यावरच्या दवाखान्याकडे पळाला होता. मग आवाज झाले. लाकडी फळीवर फळी आपटावी तसे, कोरडे. पाठोपाठ दुसरी आरोळी आली, आणि ती चुकीची नव्हती. गणपत नाक्यावर पडला होता. पुन्हा उठला नाही.

थंडीचे दिवस होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि परळ, लालबाग, डिलाईल रोड पेटले. मी तेव्हा चौदाची असेन. चौथीनंतर शाळा सुटली होती, घरातलं काम माझ्याकडे होतं.

अजूनही थंडी पडली की मला एका जागी बसवत नाही. गुडघे दुखतात तरी घरातल्या घरात फेऱ्या मारते. त्याच सुमाराला आमच्या घरात फुटबॉल सुरू होतो. दादाची नात सुजाता माझ्याजवळ राहते. तिला लीगचं वेड. मोठ्ठे दिवे, हिरवंगार गवत, खेळाडूंच्या पायात रंगीत बूट. काल मी फेऱ्या मारत होते आणि ती सामना बघत होती.

"आजी, बस ना गं. किती फिरशील?"

"तू बघ तुझं. पाय माझे आहेत, मी चालवीन."

"अगं थांब, आता बदली खेळाडू येतोय. हाच गोल मारणार बघ."

बदली म्हटल्यावर मी थांबले. पडद्यावर एक पोरगा दमून बाहेर आला, दुसरा त्याच्या हातावर हात आपटून आत गेला. बाहेर आलेल्याला कोणी पाणी दिलं, कोणी अंगावर टॉवेल टाकला. आम्हाला हा शब्द असा माहीत नव्हता. बदली म्हणजे सकाळी गिरणीच्या फाटकावर पास घेऊन उभा राहिलेला माणूस. आतला कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी मयत झाली, तर याला तेवढ्या दिवसाचं काम. नाहीतर घरी. दुसऱ्याचं वाईट व्हायची वाट बघत उभं राहायचं, आणि तेही लाज न वाटता, कारण घरी चूल असते. दादा असा बदली होता. आणि तेव्हाच्या फुटबॉलमध्ये बदली खेळाडूच नव्हता. लागलं तर तसंच खेळायचं. अगदीच जमत नसेल तर मैदानाच्या कडेला लंगडत उभं राहायचं, नुसतं माणसं भरायला. दादा म्हणायचा, "शांते, गिरणीत मी बदली. पण मैदानात बघ, मी कायम असतो."

लीगचा इतिहास मला दादानं सांगितला तेवढाच ठाऊक आहे. सुरुवातीला संघ म्हणजे सगळ्या गोऱ्यांच्या पलटणी. साहेब खेळायचा, साहेबच जिंकायचा, आपली माणसं दोरीच्या बाहेर उभी राहून बघायची. मग आपले लोक अनवाणी खेळायला लागले आणि बुटातल्या पायांना चकवायला लागले. गोरे गेले. त्यांच्या जागी रेल्वे आली, गोदी आली, गिरण्या आल्या. गिरणीमालकांची एकमेकांना कापडं दाखवून झाली होती, आता संघ दाखवायचे होते. वरच्या लीगमध्ये आपली गिरणी असली की मालकाची मान ताठ. खेळायचे पैसे कोणाला मिळत नव्हते. मिळायची ती नोकरी. आजच्या पोरांना करोडो मिळतात म्हणे. मिळू देत. दादाला फक्त कायम व्हायचं होतं.

यात आणखी एक गोष्ट होती, ती दादा बोलून दाखवायचा नाही. आम्ही तेव्हा अजून बौद्ध झालो नव्हतो, म्हणजे लोकांच्या लेखी काय होतो ते सांगायला नको. विणाईच्या खात्यात आम्हाला घेत नसत. तिथे मागाच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यायचा असायचा, आणि आमच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. गिरणीत पाण्याचा माठ वेगळा. पण मैदानात अर्धा खेळ झाला की एका थाळीत लिंबाच्या फोडी यायच्या, आणि अकराही जण त्या थाळीतून उचलायचे. गणपत एकदा अर्धी चोखलेली फोड दादाच्या हातात देऊन बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधली, फोड परत घेतली आणि तोंडात टाकली. दादानं हे घरी सांगितलं. बाबांनी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

गणपत आमच्या समोरच्या चाळीतला, मालवणकडचा. मधे रस्ता. तो गोलात उभा राहायचा. गोलकीपर म्हणायला पोरांची जीभ वळत नसे, सगळे त्याला गोली म्हणत. लांबलचक हात, मोठा आवाज, सारखी चेष्टा. मला म्हणायचा, "शांते, तुझ्या भाकरीवर एक लाथ मारली तर कूपरेजच्या मैदानात जाऊन पडेल, एवढी गोल आणि एवढी कडक."

त्या वर्षीची लीग पावसात संपायला हवी होती. संपली नाही. मैदानात तळं झालं म्हणून सामने पुढे गेले, दिवाळीपर्यंत रेंगाळले. शेवटी एकच राहिला, आमच्या गिरणीचा आणि गोदीवाल्यांचा. हरलो तर वरच्या लीगमधून खाली. बरोबरी झाली तरी टिकलो. गिरणीच्या खेळाच्या साहेबानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की टिकलात तर बदलीवाले कायम, नाहीतर संघ मोडला आणि तुम्ही परत फाटकावर.

मग तारखा पडायला लागल्या. तारीख पडे आणि बंद होई. पुन्हा तारीख पडे आणि फ्लोरा फाउंटनला काही होई, माणसं मरत, ट्रामा थांबत. दादाचं चित्त ठिकाणावर नसे. जेवताना पाय हलायचा. झोपेत लाथ मारायचा, माझ्या कंबरेत बसायची. गॅलरीत कोणाची डालडाची रिकामी डबी दिसली की सुटलाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारणी ओरडायच्या. बाबा म्हणायचे, "अरे, लोक मुंबईसाठी मरतायत आणि तुला सामन्याचं पडलंय?" दादा म्हणायचा, "मलापण मुंबई पाहिजे, बाबा. पण मुंबईत मला कायमची नोकरी पण पाहिजे." दोघांचं बरोबर होतं, आणि म्हणून भांडण संपायचं नाही. खाली मोर्चे जायचे, झालाच पाहिजे, झालाच पाहिजे, आणि आमच्या खोलीत ताटल्यासुद्धा थरथरायच्या.

बूट गिरणीचे होते, ऑफिसात कुलपात. सामन्याच्या दिवशी मिळायचे, सामना झाला की परत. सराव अनवाणी. त्या दिवशी सकाळी जरा शांत होतं. बंदमुळे रस्त्यावर ना ट्राम, ना लॉरी, ना हातगाडी. इतका मोकळा रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता. दादा आणि गणपत चेंडू घेऊन उतरले. आदल्या दिवशी त्याच रस्त्यावर दगड आणि सोड्याच्या बाटल्या चालल्या होत्या. त्या वेळच्या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असायची. बाटली फुटली की काचा पसरायच्या आणि गोट्या घरंगळत कुठेही जायच्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गणपतनं दोन दगड ठेवून गोल केला होता. दादा पळत आला, लाथ मारायला पाय टेकवला तो नेमका गोटीवर. पाय सटकला आणि सगळा भार घेऊन बाजूच्या काचेवर गेला.

गणपतनं वर बघून मला हाक मारली. "ए शांते, फडकं टाक! यशवंताला गोटी लागली!"

मी ते नीट ऐकलं. मला तेव्हाही ऐकू नीट येत होतं, आताही येतं. मी फडकं टाकलं. ते खाली पोचायच्या आत तळमजल्यावरून कोणी म्हणालं, "काय? गोळी लागली?" आणि पुढच्या दारात ती लागलेलीच होती. त्या दिवसांत गोटी कोणाच्या कानात शिरणार? सगळ्यांचे कान गोळीलाच लावलेले. पुरुष धावले, त्यांनी दगड उचलले, पोलीस नाक्यावर होतेच. गणपत आयोडीन आणायला त्यांच्यामधून पळत होता. गोलीला गोळी लागली हे मात्र सगळ्यांनी पहिल्या वेळेलाच बरोबर ऐकलं.

गणपतला नेल्यावर लोक आमच्याकडे यायला लागले. दादाला हार घातला. बायका नारळ, अंडी, दूध घेऊन आल्या. एरवी आमच्या चाळीचा जिना न चढणारेसुद्धा आले. दादा प्रत्येकाला सांगायचा, "गोळी नाही हो, सोड्याची गोटी. काच घुसलीय." आणि प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणायचा, "शाब्बास. पोलीस आले तर असंच सांग. गोटीच म्हण."

दादा हार काढून कोपऱ्यात ठेवायचा. दुसरा कोणी येऊन तो परत त्याच्या गळ्यात घालायचा. त्याला पाय टेकवत नव्हता, नाहीतर तो पळूनच गेला असता. रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि चांगला पाय हलतोय, हलतोय.

पाय जरा भरला तसं गिरणीतून बोलावणं आलं. साहेबाच्या कानावर गेलं होतं की आपला खेळाडू दंगलीत होता, गोळी खाऊन बसलाय. मोर्च्यातल्या माणसांना गिरणी ठेवत नव्हती. दादा लंगडत गेला. तिथं काय झालं ते त्यानं मला सांगितलं.

"तू मोर्च्यात होतास?"

"नाही साहेब. प्रॅक्टिस करत होतो."

"मग गोळी कशी लागली?"

"गोळी नाही साहेब. गोटी. सोड्याची."

साहेब हसला. "पोलीस आता गोट्या खेळतात काय रे?" मग म्हणाला, पाय दाखव. दादानं त्याच्या टेबलासमोर उभं राहून तळवा वर केला. साहेबानं वाकून पाहिलं, काचेची चीर होती, भोक नव्हतं. म्हणाला, ठीक आहे, खेळ तू.

ही बातमी दादा घरी पोचायच्या आत चाळीत पोचली. आणि जे लोक गोटीच म्हण असं सांगत होते त्यांचीच तोंडं फिरली.

"काय रे, साहेबापुढे गोळीची गोटी केलीस म्हणे?"

"तो गणपत बिचारा मेला, आणि हा गोट्या खेळतोय."

"ए गोट्या! पाय बरा हाय का?"

हार घालणाऱ्यांनी हार परत मागितला नाही एवढंच. पोरं त्याला गोट्या म्हणायला लागली. जिन्यावर कोणी मुद्दाम गोट्या पसरून ठेवल्या. दादा एकदाच चिडून ओरडला, "पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय ना मी!" खरं होतं. शब्द तोच होता. घरात बोलला तेव्हा हुशारी, साहेबापुढे बोलला तेव्हा भित्रेपणा. मी त्या दिवसापासून लोक काय म्हणतात याची फिकीर सोडली. पुढे मी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात लागले, तिथल्या बाया मला तोंडाळ म्हणायच्या. म्हणू देत.

दादा म्हणाला, मी नाही खेळत. बाबा म्हणाले, "डोकं फिरलंय काय?" दादा म्हणाला, "गोलात गणपत नाही. आणि त्याची आई समोरच्या गॅलरीतून बघत असते. ती पण तेच समजत असेल."

एक दिवस ती आली. काळी, किडकिडीत बाई, सगळे तिला काकी म्हणत. रस्ता ओलांडून, जिना चढून आमच्या दारात उभी राहिली. आमच्या घरात ती त्याआधी कधी आली नव्हती. दादा उठून बसला. ती त्याच्याकडे बघेना. मला म्हणाली, "चेडवा, तू वर व्हतंस ना? माझो झील काय आराडलो?"

मी म्हणाले, "गोटी."

"नक्की?"

"नक्की. यशवंताला गोटी लागली असं म्हणाला. फडकं मागितलं. मी टाकलं."

तिनं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "लोक माका सांगतत, तुझो झील गोळी गोळी म्हणान आराडलो, म्हणान माणसां रस्त्यार धावली. म्हणजे मेलो तो खोटां बोलान मेलो?"

"नाही काकी. तो गोटीच म्हणाला होता."

"मगे तसांच सांग सगळ्यांका. माझो झील खोटां बोलान गेलो नाय." मग दादाकडे वळली. "आणि तू कित्याक तोंड लपवतंस? तू खोटां बोललंस काय?"

मी पाणी दिलं. ती प्यायली. भांडं माझ्या हातात देऊन म्हणाली, "खेळ कधी आसा? माका बघूचो आसा."

ती खाली उतरली आणि दोन्ही चाळींच्या मधे, भर रस्त्यात उभी राहून जो दिसेल त्याला सांगायला लागली. मला हाताला धरून उभं केलेलं. "ह्या चेडवान कानान आयकल्यान. विचारा." कोणी विचारलं नाही. मेलेल्याच्या आईसमोर कोण काय विचारणार? पण जिन्यावरच्या गोट्या दुसऱ्या दिवसापासून बंद झाल्या. नाव मात्र गेलं नाही. त्याच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा पोरं गोट्याचं लगीन म्हणून नाचली.

सामना झाला तो उन्हाळ्यात, मैदान नुसतं मातीचं झालं होतं तेव्हा. काकीला मी घेऊन गेले. बाबांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. ट्रामनं गेलो. कूपरेजला पोचल्यावर ती इकडे तिकडे बघत म्हणाली, "तो खंय उभो रवायचो?"

"त्या दोन खांबांच्या मधे."

तिनं त्या खांबांवर नजर लावली ती काढलीच नाही. चेंडू दुसऱ्या टोकाला असला, सगळं मैदान तिकडे ओरडत असलं, तरी हिची नजर आमच्या गोलावर. तिथे आता कापडाच्या घड्या घालायच्या खात्यातला एक बुटका पोरगा उभा होता. गणपतची जर्सी त्याच्या मांड्यांपर्यंत आली होती. चेंडू जवळ आला की काकी अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडायची, "धर रे बाबा, धर!" लोक वळून बघायचे. तो पोरगापण एकदा वळला आणि चेंडू सोडता सोडता वाचला.

अर्धा खेळ झाला, लिंबाच्या थाळ्या फिरल्या, दोन्ही संघांनी बाजू बदलल्या. काकीला हे माहीत नव्हतं. ती त्याच खांबांकडे बघत राहिली. तिथे गोदीचा गोलकीपर येऊन उभा राहिला, आणि ही घाबरलीच. माझा दंड धरला. "ह्यो कोण? आमचो खंय गेलो?"

"काकी, आता आपला तिकडे आहे. अर्ध्यावर बाजू बदलतात."

"बदलतत? कोणी सांगल्यान?"

"खेळाचा नेमच आहे तसा."

तिनं सावकाश मान वळवली. पलीकडचे खांब लांब होते, धुळीत नीट दिसतही नव्हते. तिचे डोळे भरले असतील, मला माहीत नाही, मी पाहिलं नाही. मी दादाला बघत होते.

दादा लंगडायला लागला होता. बुटात जखम फाटली होती. बाहेर येता येत नव्हतं, त्याच्या जागी कोणी आत जाऊ शकत नव्हतं. कप्तानानं त्याला कडेला पाठवलं, आमच्या बाजूच्याच कडेला. तो आमच्यापासून हाकेवर उभा होता, एका पायावर, बगळ्यासारखा. चेंडू तिकडे आला की दोन ढांगा पळायचा, परत थांबायचा. मागून कोणी ओरडलं, "ए गोट्या, पळ की!" काकी गर्रकन वळली. "गप रव मेल्या! पाय फुटलोहा त्याचो, दिसत नाय तुका?" मग दादाला म्हणाली, "तू उभो रव बाबा. नुसतो उभो रव."

तो उभा राहिला. शेवटी गोदीवाल्यांनी एक चेंडू असा मारला की मला वाटलं, झालं, फाटक आलं. धूळ उडाली. कोणालाच दिसेना. मग धुळीतून तो बुटका पोरगा उठला. चेंडू त्यानं पोटाशी धरला होता, रडणाऱ्या पोराला धरावं तसा. शिट्टी झाली. ना त्यांचा गोल, ना आमचा.

गिरणीनं शब्द पाळला, दादा कायम झाला. पण त्याचा तळवा वाकडा भरून आला आणि बुटात पाय बसेना. तो पुन्हा लीगमध्ये खेळला नाही. गिरणीचा संघ आणखी काही पावसाळे टिकला, मग मालकाला हौस राहिली नाही. बँकांचे संघ आले, कारखान्यांचे आले. आम्हाला मुंबई मिळाली, महाराष्ट्र मिळाला, चाळीवर रोषणाई झाली, काकीच्या खोलीवर पण कोणी दिवे लावले. पुढे मोठा संप झाला आणि कायमवाले, बदलीवाले सगळे एकदमच घरी बसले. गिरणीच्या जागी आता टॉवर आहे.

सुजाताचा तो बदली पोरगा आत गेला, त्यानं गोल काही मारला नाही. ती चिडून म्हणाली, "याला कशाला आणला?" मी म्हणाले, "दुसऱ्याला बाहेर बसता यावं म्हणून." तिला वाटलं मी चेष्टा करते. मी पुन्हा फेऱ्या मारायला लागले.

काकी गावाला जाऊन वारली. दादा म्हातारा होऊन अंथरुणात गेला, डावा पाय शेवटपर्यंत थंडीत ठणकायचा. गणपत त्या दिवशीच गेला. तो काय म्हणाला ते ऐकलेली मी एकटी उरले आहे.